फोन आपला, पण आतलं सगळं आपलं आहे का?

अब्बांच्या इंतकालानंतर दीडेक महिन्याने आम्ही भावंडांनी त्यांचं पुस्तकांचं कपाट उघडलं. घर आणि जमिनीचा वारसाहक्काचा हिशेब मौलाना आणि वकील दोघांनाही विचारून झाला होता. पुस्तकांवरून वाद व्हायचं कारणच नव्हतं. उर्दू लुगत धाकट्या भावाने घेतली, तफसीरच्या जिल्दा मोहल्ल्यातल्या मकतबला वक्फ केल्या, मराठी कादंबऱ्या आणि शेतीची पुस्तकं माझ्या शाळेच्या लायब्ररीत गेली. पहिल्या पानावर अब्बांची सही, तिच्याखाली आता दुसऱ्याच कुणाचा शिक्का. असरपर्यंत कपाट रिकामं झालं.

उरला त्यांचा फोन. शेवटच्या पाच-सहा वर्षांत नजर कमी झाली म्हणून अब्बा फोनवर पुस्तकं वाचायचे. बोटाने अक्षर मोठं करता यायचं. अशी साठेक ई-पुस्तकं त्यांनी पैसे भरून घेतली होती. फोनचा पॅटर्न बहिणीला माहीत होता, पण पुस्तकांच्या खात्याचा पासवर्ड कुणालाच नव्हता. कंपनीला लिहिलं. चार दिवसांनी अदबीने उत्तर आलं, की खातं आणि त्यातली पुस्तकं दुसऱ्याच्या नावावर होत नाहीत. मृत्यूचा दाखला पाठवला तर खातं बंद करून देऊ.

अम्मीने विचारलं, "पैसे भरले होते ना त्यांनी?" भरले होते. पावत्याही मेलमध्ये होत्या.

अम्मीचा प्रश्न बरोबर होता. त्याचं उत्तर शोधताना जे वाचलं, विचारलं, तपासलं ते इथे मांडते आहे. मी वकील नाही, शिक्षिका आहे. पण फोन आज आपल्या प्रत्येक घरात आहे आणि घरातला बराच ऐवज त्याच्यात आहे.

'बाय' बटणाने नेमकं काय विकत मिळतं

छापील पुस्तक विकत घेतलं की ती प्रत आपली. आतला मजकूर लेखकाचा किंवा प्रकाशकाचा, म्हणून त्याच्या झेरॉक्स काढून विकता येत नाहीत. पण ती एक प्रत वाचा, कुणाला द्या, रद्दीत घाला, वक्फ करा. आपल्याकडे कॉपीराइटचा कायदा १९५७ चा आहे. त्याच्या कलम १४ मध्ये पुस्तकाच्या प्रती लोकांपर्यंत पोहोचवण्याचा हक्क मूळ मालकाला दिला आहे, पण आधीच बाजारात आलेल्या प्रती त्यातून वगळल्या आहेत. जुन्या पुस्तकांची दुकानं चालतात ती त्या एका वगळण्यावर.

ई-पुस्तकात प्रत अशी काही हातात येतच नाही. येतो तो परवाना, म्हणजे वाचायची मुभा. किंडलच्या अटींत स्पष्ट लिहिलेलं आहे की मजकूर विकला जात नाही, परवान्याने दिला जातो. बाकीच्या मोठ्या दुकानांच्या अटी थोड्याफार फरकाने अशाच. बटणावर मात्र 'बाय' असतं. घराच्या बाबतीत भाडेकरार आणि खरेदीखत यातला फरक आपल्याकडे शाळा न शिकलेल्या आजीलाही कळतो. इथे शिकलेल्यांनाही कळत नाही, कारण खरेदीखताच्या नावाखाली भाडेकरार पुढे केला जातो आणि आपण न वाचता 'आय ॲग्री' दाबतो. मीही तेच केलं आहे.

हा परवाना काढून घेता येतो का? येतो, आणि तसं घडलेलंही आहे. जुलै २००९ मध्ये अमेरिकेत ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेल यांची दोन पुस्तकं ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर पुसून टाकली. ज्याने ती दुकानात ठेवली होती त्याच्याकडे तिथले हक्क नव्हते, हे कारण खरं होतं. पैसेही परत दिले गेले. पण सकाळी उठून पाहिलं तर पुस्तक नाही, हा धक्का लोकांना बसलाच. एका शाळकरी मुलाने त्या पुस्तकावर काढलेली टिपणं निरुपयोगी झाली आणि तो कोर्टात गेला. कंपनीचे प्रमुख जेफ बेझोस यांनी जाहीर माफी मागितली, खटला तडजोडीने मिटला. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपलं ई-पुस्तकांचं दुकानच बंद केलं. त्या जुलैपासून लोकांनी घेतलेली पुस्तकं उघडेनाशी झाली. तिथेही पैसे परत मिळाले. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲमेझॉनने घेतलेलं पुस्तक कॉम्प्युटरवर उतरवून केबलने किंडलमध्ये टाकायची सोय काढून टाकली. म्हणजे स्वतःजवळ एक फाईल ठेवायचा जो सरळ रस्ता होता तोही गेला.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने यावर कायदा केला. १ जानेवारी २०२५ पासून तिथे डिजिटल वस्तूवर 'बाय' लिहायचं असेल तर हा फक्त परवाना आहे, हे ग्राहकाला ठळकपणे सांगावं लागतं. हक्क वाढला नाही, निदान खरं सांगायची सक्ती झाली.

आपल्याकडे नेमका असा कायदा नाही. पण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये 'अन्याय्य करार' ही व्याख्या आली आहे, कलम २(४६). वाजवी कारण नसताना एकाच बाजूला करार मोडायची मुभा देणारी अट त्यात बसते. अशा कराराविरुद्धची तक्रार राज्य आयोगाकडे करावी लागते. नेहमीची तक्रार, म्हणजे सदोष फोन किंवा न मिळालेली सेवा, जिल्हा आयोगाकडे जाते. रायगडकरांसाठी तो अलिबागला. नव्या कायद्याने एक चांगली गोष्ट केली. कंपनीचं ऑफिस बंगळुरूत असो की परदेशात, तक्रार आपण राहतो तिथे करता येते, ऑनलाईनही करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर फोन करून पाहावा. पुष्कळ तक्रारी तिथेच मिटतात.

वक्फचा मुद्दा माझ्या डोक्यातून जात नव्हता. वक्फ करायचं तर वस्तू आपल्या मालकीची हवी, ही पहिली शर्त. अब्बांच्या कपाटातल्या जिल्दा मकतबला देता आल्या कारण त्या त्यांच्या होत्या. फोनमधली साठ पुस्तकं देता आली नाहीत, कारण ती त्यांची कधीच नव्हती.

यावर उपाय अगदीच नाहीत असं नाही. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं उलटली की त्यांनी हयातीत छापलेलं लेखन आपल्याकडे सर्वांसाठी खुलं होतं. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, अल्लामा इक्बाल १९३८ मध्ये, मौलाना आझाद १९५८ मध्ये. यांची पुस्तकं उतरवून घ्यायला, छापायला, वाटायला आता कुणाची परवानगी लागत नाही. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ आपली बरीच प्रकाशनं वेबसाईटवर पीडीएफमध्ये फुकट देतं. उर्दूसाठी रेख्ताचा खजिना मोठा आहे, पण तिथली पुस्तकं त्यांच्याच साईटवर किंवा ॲपवर वाचावी लागतात. फाईल घरी ठेवायची असेल तर इंटरनेट अर्काईव्हवर शोधावं. पैसे देऊन घ्यायचं असेल तर साधी पीडीएफ किंवा ईपब फाईल देणारा प्रकाशक आधी शोधावा, नाहीच मिळाला तर ॲपवाला.

क्लाऊड पनवेलातही आहे

आठवीच्या वर्गात 'क्लाऊड' हा शब्द आला की एखादं पोर खिडकीबाहेर बघतं. त्यांना मी सांगते, वर बघू नका, जुन्या मुंबई-पुणे हायवेकडे बघा. पनवेलजवळच्या हिरानंदानी फॉर्च्युन सिटीत योट्टा कंपनीचं 'एनएम१' हे डेटा सेंटर आहे. जुलै २०२० मध्ये, लॉकडाऊनच्या काळात, तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्या हस्ते त्याचं ऑनलाईन उद्घाटन झालं. ७,२०० रॅक मावतील एवढी ती इमारत. रॅक म्हणजे लोखंडी कपाट, त्यात एकावर एक सर्व्हर. त्यांना चोवीस तास वीज लागते, गारवा लागतो, वीज गेली तर जनरेटर लागतो. नवी मुंबईत ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यातही अशी सेंटर्स आहेत.

तुमच्या मुलीच्या बिस्मिल्लाचे फोटो पनवेलातच आहेत असं मी म्हणत नाही. ते सिंगापुरातही असू शकतात. सांगायचं इतकंच, की क्लाऊड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीतलं दुसऱ्याचं कपाट. त्याला जागा, वीज, पगार लागतो आणि तो खर्च कुणीतरी कुठून तरी वसूल करणार.

गुगल फोटोजचं उदाहरण घ्या. सुरुवातीला ठरावीक दर्जाचे फोटो कितीही ठेवा, फुकट, अशी योजना होती. लोकांनी दहा-दहा हजार फोटो टाकले, फोनमधून पुसले. १ जून २०२१ पासून ती योजना बंद झाली. त्यानंतरचे सगळे फोटो जीमेल आणि ड्राईव्हबरोबरच्या १५ जीबीतच मोजले जातात. पुढे २०२४ मध्ये अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्याच १५ जीबीत आला. 'स्टोरेज फुल' हा मेसेज आता घरोघरी येतो तो यामुळे. जागा भरली की जीमेलवर मेल येणंही थांबतं. बोर्डाचं हॉल तिकीट, स्कॉलरशिपचा मेल, नोकरीचं बोलावणं, सगळं अडकू शकतं. माझ्या एका पालकांच्या बाबतीत नेमकं हेच झालं, आणि कारण निघालं 'गुड मॉर्निंग'चे व्हिडिओ.

दुसरा नियम त्याहून कमी लोकांना माहीत आहे. दोन वर्षं वापर नसलेलं वैयक्तिक गुगल खातं कंपनी बंद करून आतलं सगळं पुसू शकते. हे धोरण मे २०२३ मध्ये जाहीर झालं, डिसेंबर २०२३ पासून अमलात आलं. आखातात गेलेल्या भावाचं जुनं खातं, शाळेसाठी काढून विसरलेलं खातं, मरहूम व्यक्तीचं खातं, सगळी यात येतात. वर्षातून एकदा तरी त्यात लॉगिन करावं.

गुगलचीच 'टेकआउट' नावाची सोय आहे. तिच्यातून आपले सगळे फोटो, मेल, कागद एका झटक्यात मागवून पेनड्राईव्हवर किंवा हार्ड डिस्कवर ठेवता येतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत एक दुपार जाते. दोन ठिकाणी ठेवा, दुसरं ठिकाण दुसऱ्या घरात असू द्या. पनवेलकरांना पुराचं पाणी घरात शिरणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको.

दुरुस्तीचा हक्क

बाजारपेठेत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. गणितात बेताचा होता, पण हातात स्क्रू-ड्रायव्हर घेतला की डोकं चालायचं. त्याला विचारलं, धंदा कसा चाललाय. म्हणाला, "टीचर, पूर्वी कॉम्बो बदलला, पट्टी बदलली, गिऱ्हाईक खूष. आता एकाच कंपनीच्या दोन फोनमधले ओरिजिनल पार्ट अदलाबदल केले तरी फोन बोंबलतो, अनोळखी पार्ट म्हणून." कॉम्बो म्हणजे काच आणि डिस्प्ले एकत्र. काही कंपन्या आता सुट्या भागाचा नंबर त्या फोनशीच सॉफ्टवेअरने बांधून ठेवतात. भाग अस्सल असला तरी कंपनीच्या यंत्रणेने 'ओळख' दिल्याशिवाय तो पुरतेपणी चालत नाही. पैसे तुमचे, फोन तुमचा, पण कुठल्या दुकानात न्यायचा हे ठरवणार कंपनी. आपल्या समाजातली कितीतरी मुलं याच धंद्यात आहेत, त्यामुळे हा प्रश्न गिऱ्हाईक म्हणूनही आपला आणि दुकानदार म्हणूनही.

गाड्यांच्या बाबतीत हे भांडण आधी होऊन गेलं आहे. बाहेरच्या गॅरेजवाल्यांना अस्सल सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती मिळू देत नाहीत म्हणून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. फोनसाठी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'वर समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, एक पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाईल-टॅब्लेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं असे चार विभाग त्यात आहेत. कुठल्या कंपनीचे सुटे भाग, वॉरंटी, सेवा केंद्रं याची माहिती तिथे मिळते. पण पोर्टल माहिती देतं, कंपनीवर सक्ती करत नाही. फोन घ्यायच्या आधी ते पाहिलं तर उपयोग, बिघडल्यावर पाहून फारसा नाही.

फोनच्या आतल्या ॲपचं असंच. नवा फोन खोक्यातून काढला की त्यात वीस-पंचवीस ॲप आधीच बसलेली असतात आणि त्यातली काही काढताच येत नाहीत. स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी गुगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला, त्यामागे हेही एक कारण होतं. अँड्रॉइड फोन बनवणाऱ्या कंपन्यांना गुगलची सगळी ॲप एकगठ्ठा बसवावी लागत होती. अपिलात, मार्च २०२३ मध्ये, दंड कायम राहिला, पण ग्राहकाला ती ॲप काढून टाकू द्या हा आदेश मात्र टिकला नाही. काढता येत नसलेलं ॲप सेटिंगमधून 'डिसेबल' करता येतं, तेवढं तरी करावं.

सरकारही या मोहात पडतं. दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस प्रत्येक नव्या फोनमध्ये 'संचार साथी' ॲप आधीच बसवायचा आदेश कंपन्यांना दिला. देशभर ओरड झाली आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली गेली. ॲप वाईट नाही. चोरीला गेलेला फोन बंद करायला ते कामाचं आहे. तक्रार सक्तीबद्दल होती.

सेकंडहँड फोन घेणाऱ्यांनी दोन गोष्टी बघाव्यात. *#०६# दाबून आलेला आयएमईआय नंबर 'केवायएम', मग जागा सोडून तो नंबर, असा एसएमएस १४४२२ ला पाठवला की फोन चोरीचा म्हणून नोंदलेला आहे का ते कळतं. आणि विकणाऱ्याने स्वतःचं गुगल किंवा ॲपल खातं आपल्यासमोर काढलं पाहिजे. ते राहिलं तर फोन कोरा केल्यावर तो जुन्या मालकाचाच पासवर्ड मागत बसतो. दुकानदार याला एफआरपी लॉक म्हणतात. चोरांविरुद्ध ही चांगली सोय आहे, पण मरहूम बापाचा फोन घाईघाईने कोरा करणाऱ्या मुलालाही ती तशीच अडवते.

हप्त्याचा फोन

व्याजाचा मसला मी आलिमांवर सोडते. फोन हप्त्यावर घेणारी घरं आपल्याकडे भरपूर आहेत, हे वास्तव आहे. अशा काही फोनमध्ये कर्ज देणारी कंपनी एक लॉक ॲप बसवते. हप्ता चुकला की पडदा बंद, वर फक्त 'पैसे भरा' आणि एक नंबर. फोन कोरा केला तरी ते ॲप परत येऊन बसतं, कारण ते फोनच्या 'मालका'च्या अधिकाराने बसवलेलं असतं. इथे मालक हा शब्द खराच आहे.

एका पोराच्या आईचा फोन परीक्षेच्या आठवड्यात असा बंद पडला. शाळेच्या सूचना त्यावर, गॅसचा नंबर त्यावर, आजीच्या डॉक्टरचा नंबर त्यावर. थकबाकी एका हप्त्याची.

रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये कर्जदारांचे फोन असे बंद करणं थांबवा, असं वित्त कंपन्यांना सांगितलं होतं. नंतर सप्टेंबर २०२५ मध्ये बातम्या आल्या, की ग्राहकाची आधी संमती घेऊन आणि त्याच्या खाजगी माहितीला हात न लावता लॉक करू द्यायचं का, यावर बँक विचार करते आहे. तेव्हा सही करताना आताचा नियम आणि करारातली अट दोन्ही पाहावी. एक नियम मात्र २०२२ पासून पक्का आहे. डिजिटल कर्ज देणाऱ्या ॲपने तुमचे फोटो, फायली, कॉन्टॅक्ट लिस्ट, कॉल लॉग उघडायचे नाहीत. ओळख पटवण्यापुरता कॅमेरा, माईक किंवा लोकेशन, तेही तुमच्या परवानगीने. वसुलीसाठी नातेवाइकांना फोन येऊ लागले तर समजावं की कुणीतरी हा नियम मोडला आहे. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. तिथल्या मदतीचा नंबर १४४४८.

नमाजच्या वेळा सांगणारं ॲप

हा विषय आपल्याच घरातला आहे म्हणून थोडं सविस्तर.

नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या 'मदरबोर्ड' या नियतकालिकाने शोधून काढलं, की जगभर ९ कोटींहून जास्त वेळा डाऊनलोड झालेलं 'मुस्लिम प्रो' हे ॲप वापरणाऱ्यांचं लोकेशन 'एक्स-मोड' नावाच्या कंपनीकडे जात होतं. ती कंपनी तो डेटा पुढे विकत होती आणि तिच्या गिऱ्हाइकांत अमेरिकी लष्करासाठी काम करणारे ठेकेदार होते. मुस्लिम प्रोने लष्कराला डेटा विकल्याचा आरोप नाकारला, पण एक्स-मोडसह अशा भागीदारांशी संबंध तोडल्याचंही लगेच जाहीर केलं. दोन महिन्यांनी 'सलात फर्स्ट' या दुसऱ्या ॲपबद्दल अशीच बातमी आली, तिथे डेटा घेणारी कंपनी फ्रान्सची होती. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने एक्स-मोडच्या वारसदार कंपनीला संवेदनशील ठिकाणांचा, म्हणजे दवाखाने, प्रार्थनास्थळं वगैरेंचा लोकेशन डेटा विकायला मनाई केली.

कुणीही फोन चोरला नव्हता, हॅक केला नव्हता. लोकांनी किबला दिसावा म्हणून स्वतः 'अलाऊ' दाबलं होतं.

आता हिशेब करा. नमाजच्या वेळेसाठी ॲपला तुमचं घर, गल्ली, मशीद कळायची काय गरज? पनवेलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वेळेत काही सेकंदांचा फरक पडतो. शहराचं नाव हाताने निवडलं की पुरतं. किबला पनवेलहून पश्चिमेच्या जरासा उत्तरेकडे आहे, आणि तो रोज जागा बदलत नाही. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपची लोकेशनची परवानगी काढून टाका, किंवा निदान 'प्रिसाइस' हे बटण बंद करा. अँड्रॉइड १२ आणि आयओएस १४ पासून ही सोय आहे. मशिदीत लावलेलं छापील वेळापत्रक तर कुणालाच काही कळवत नाही.

माणूस गेल्यावर

परत अब्बांच्या फोनकडे येते. बँकेच्या खात्याला नॉमिनी असतो हे आपल्याला ठाऊक आहे, आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून तर चार नॉमिनी ठेवता येतात. (नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, हे लक्षात असू द्या. 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकर यांच्या कुटुंबातल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ रोजी तेच पुन्हा सांगितलं. शेअर आणि म्युच्युअल फंडाचा नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, पण ते मिळतात कायद्याप्रमाणे ठरलेल्या वारसांना. शरियतप्रमाणे हिस्से करणाऱ्या घरांत यावरून गैरसमज फार होतात.)

डिजिटल खात्यांसाठीही अशी सोय येते आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ च्या कलम १४ मध्ये आपल्या पश्चात आपल्या डेटाविषयीचे हक्क कुणी वापरायचे त्याचं नाव नोंदवायचा अधिकार आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले, पण हा भाग १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होणार. तोवर कंपन्यांनी स्वतःहून दिलेल्या सोयींवरच भागवावं लागेल.

गुगलच्या खात्यात 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' आहे. तीन ते अठरा महिने आपण खातं उघडलं नाही तर कुणाला कळवायचं, काय काय द्यायचं, हे आधी ठरवता येतं. दहा जणांपर्यंत नावं देता येतात. आयफोनमध्ये 'लेगसी कॉन्टॅक्ट' आहे. त्या व्यक्तीकडची चावी आणि मृत्यूचा दाखला दिला की फोटो, मेसेज, नोंदी मिळतात. विकत घेतलेली पुस्तकं, गाणी, सिनेमे मात्र त्यातही मिळत नाहीत. अम्मीच्या प्रश्नाचं उत्तर ॲपलने निदान स्पष्ट लिहून ठेवलं आहे.

व्हॉट्सॲपचं खातं १२० दिवस वापरलं नाही तर बंद होतं. आणि मोबाईल नंबर? रिचार्ज थांबलं, नंबर बंद झाला, की किमान ९० दिवसांनी कंपनी तो दुसऱ्याला देऊ शकते. मग बँकेचे, आधारचे ओटीपी त्या अनोळखी माणसाकडे. म्हणून घरातलं कुणी गेलं तर पहिल्या काही महिन्यांत तेवढा एक खर्च चालू ठेवा आणि त्या काळात बँक, गॅस, वीज, पेन्शन अशा सगळ्या ठिकाणचा नंबर बदलून घ्या. व्हॉट्सॲपच्या महत्त्वाच्या चॅट 'एक्सपोर्ट' करून घ्या, मीडियासकट. आवाजाचे मेसेज साध्या फायली म्हणून बाहेर येतात, कुठल्याही कॉम्प्युटरवर वाजतात.

आम्ही तेच केलं. अब्बांचे दोनशेच्या वर आवाजी मेसेज निघाले. बहुतेक 'भाजी आणली का', 'रिक्षा मिळाली का', 'पोचलीस की फोन कर' अशातलेच. दोन पेनड्राईव्हवर घेतले, एक माझ्याकडे, एक महाडला भावाकडे. पुस्तकांच्या खात्याचा नाद सोडला. मेलमधल्या पावत्यांवरून साठ नावांची यादी मात्र वहीत उतरवली आहे. त्यातली चार आतापर्यंत छापील मिळाली, एक तर रद्दीवाल्याकडे पन्नास रुपयांना. अब्बांचा नंबर अजून चालू आहे. पुढचं रिचार्ज जूनमध्ये.